गरुडछाप सहा चुटके

विनोदाचा अभ्यास करणारा माणूस स्वतः विनोदी असलाच पाहिजे, हा समज लोकांनी कुठून उचलला ते मला अजून कळलेलं नाही. हाडांचा डॉक्टर काही भेटेल त्याची हाडं मोडून दाखवत नाही. पण मी आमच्या शुब्राच्या गल्लीत कुणाच्या लग्नाला गेलो, की नवऱ्या मुलाचा काका खांद्यावर हात टाकून म्हणणारच, "दुक्तूर, होऊन जाऊ दे एक!" मी काहिऱ्यातल्या, म्हणजे तुमच्या कैरोतल्या, एका विद्यापीठात जनसंवाद शिकवतो. राजकारण, वर्तमानपत्रं, टीव्ही, लोकमत आणि या सगळ्यांच्या मधून वाट काढत फिरणारा चुटका, हा माझा विषय. एकोणीस वर्षं घातली आहेत त्यात. चुटक्यांचे मी सात प्रकार पाडले आहेत आणि सातव्याचे चार पोटप्रकार. एवढं करूनही मी सांगितलेल्या चुटक्याला आजवर कुणी हसलेलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. माझी बायको इन्साफ म्हणते, "अहो दुक्तूर, तुम्ही चुटका सांगायला लागलात की मला कुणाला तरी आजारपणात भेटायला आल्यासारखं वाटतं."

तर मी अकरा वर्षं सहयोगी प्राध्यापक होतो. पूर्ण प्राध्यापक होण्यासाठी माझी फाईल दोनदा समितीकडे गेली आणि दोनदा परत आली. दुसऱ्या खेपेला वर शेरा होता : 'उमेदवाराला विषयाची जाण आहे, लोकांची आहे असं दिसत नाही.' हा शेरा मी तीन दिवस इन्साफपासून लपवून ठेवला. चौथ्या दिवशी तिनं शर्ट धुवायला घेताना खिशातून काढला, वाचला आणि म्हणाली, "यांना कुणी सांगितलं?"

यातही निभावलं असतं, पण मधे वगदी होता. डॉक्टर वगदी हा माझा विद्यार्थी. 'लोकमत' या शब्दाची व्याख्या मी त्याच्याकडून पाच वेळा लिहून घेतली होती आणि पाचही वेळा ती चुकली होती. तो वसंतात प्राध्यापक झाला. विभागप्रमुखाची खुर्ची शरदात रिकामी व्हायची होती. मी तोवर प्राध्यापक झालो, तर वयानं आणि नोकरीनं ज्येष्ठ म्हणून खुर्ची माझी. नाही झालो, तर वगदीची. म्हणजे उद्या माझी दाढ दुखली, तर रजेचा अर्ज घेऊन मी वगदीपुढे उभा राहणार आणि तो चष्मा कपाळावर सरकवून विचारणार, "सर, वरची की खालची?" हे चित्र डोळ्यांपुढे आलं की माझ्या घशाखाली घास उतरत नसे.

समितीला लोकांत जाऊन केलेलं एक काम हवं होतं, ३१ ऑगस्टच्या आत. मी जूनच्या शेवटी कामाची आखणी केली, ती इतकी सोपी होती की मला स्वतःचंच कौतुक वाटलं. आमच्या घराखाली मुअल्लिम दसूकीचा कहवाखाना आहे. तिथल्या रोजच्या चाळीस गिऱ्हाइकांना विचारायचं : पाव कसा मिळतो, पाणी कसं येतं, रस्ते कसे आहेत, एक ते पाच गुण द्या. मग त्यांना सरकारवरचे सहा चुटके वाचून दाखवायचे आणि विचारायचं, किती हसू आलं? आणि लगेच पुन्हा पाव, पाणी, रस्ते. हसल्यावर माणसाचा राग निवतो की भडकतो, एवढंच मला बघायचं होतं. निवला तरी लेख, भडकला तरी लेख. शास्त्र असंच पुढं जातं.

माझी चूक एकच झाली. हे सगळं मी जिन्यात हाजी शलबींना सांगितलं. हाजी आमच्या खालच्या मजल्यावर राहतात, ट्रामचे निवृत्त तिकीट तपासनीस आहेत, आणि जग हे तिकिटवाले आणि बिनतिकिटवाले अशा दोनच जातींचं आहे असं मानतात.

"परवाना काढलास?" त्यांनी विचारलं.

"कसला परवाना, हाजी? चहा पिता पिता सहा चुटके सांगायचे आहेत."

"चुटका सांगायला परवाना नको. सबंध मिसर सांगतो. पण चुटका सांगून वर कागदावर काही लिहून घेतलंस, की ती पाहणी झाली. पाहणीला परवाना." एवढं बोलून ते पायरीवर बसले आणि त्यांनी मला सरकारवरचे चौदा चुटके सांगितले. चौदाही माझ्यापेक्षा चांगले होते, आणि मी ते मनात उतरवून घेत असताना पहिल्या मजल्यावरच्या उम्म नासिफ गॅलरीतून भाजीची टोपली खाली सोडता सोडता ओरडल्या, "दुक्तूर, सरकारवर कशाला जाता? सासवांवर विचारा! सासूला परवाना लागत नाही!"

हाजींचं म्हणणं खरं निघालं. पाहण्यांना परवाने देणारं एक खातं आहे. त्याच्या तिसऱ्या मजल्यावर, नऊ नंबरच्या टेबलामागे मादाम एतेमाद बसतात. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी टेबलावर वर्तमानपत्र पसरलं होतं आणि त्या मुलूखियाची भाजी निवडत होत्या. डावीकडे देठ, उजवीकडे पानं, मधे आमची प्रकरणं. वयानं पन्नाशीच्या, चेहरा असा की त्यावर हसू कधी येऊन गेल्याची खूण नव्हती. पण नियम पाठ. पानावरची नजर न हलवता कलम सांगायच्या.

"प्रश्न ठीक आहेत," त्या माझे कागद बघून म्हणाल्या. "आणि हे काय?"

"ते चुटके, मादाम."

त्यांनी सहाच्या सहा वाचले. सावकाश, ओठ हलवत. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. शेवटी त्या म्हणाल्या, "फॉर्मात चुटक्यांचा रकाना नाही."

"मग काय करू?"

"उद्या या."

उद्या गेलो. त्यांनी घरी जाऊन विचार केला होता. खरंच केला होता. त्या बाईचं हेच तर वैशिष्ट्य. "परिशिष्टात घालू," त्या म्हणाल्या. "पण परिशिष्टावर संचालक साहेबांची सही लागते. साहेब वाचल्याशिवाय सही करत नाहीत. आणि वाचल्यावर तर मुळीच करत नाहीत."

असे मी त्या खात्यात अकरा हेलपाटे घातले. मधल्या सात खेपांचं वर्णन गाळतो, कारण त्या सगळ्यांत फक्त भाजी बदलत होती. दहाव्या खेपेला मला समितीपुढे बोलावलं. संचालक साहेब, कायदेशीर सल्लागार आणि तिसरे एक गृहस्थ, ज्यांची ओळख कुणी करून दिली नाही आणि मीही विचारली नाही. मला चुटके स्वतः मोठ्यानं वाचून दाखवायचे होते. मी घसा साफ केला.

"एक मंत्री एका खेड्यात गेला. गाडीतून उतरला आणि गावकऱ्यांना म्हणाला, 'पाण्याची काही तक्रार?' गावकरी म्हणाले, 'छे, साहेब. पाणी आलं असतं तर तक्रार केली असती, की गढूळ आहे म्हणून.'"

 वरचा पंखा तेवढा किरकिरत होता.

"मग?" संचालक साहेब म्हणाले.

"मग काही नाही. संपला."

"म्हणजे गावात पाणीच नव्हतं?"

"नव्हतं, साहेब. चुटक्यात."

"कुठलं गाव?"

"काल्पनिक आहे, साहेब."

"मग काल्पनिक गावाला पाणी द्यायला तुमचं काय जातं?" साहेब कळवळून म्हणाले. "नळ टाकायचा नाही, पंप बसवायचा नाही. लिहायचं फक्त. एवढीसुद्धा माया नाही का तुम्हाला लोकांची?"

लोकांची! पुन्हा तेच! सल्लागारांनी 'मंत्री' खोडून 'एका देशातील एक अधिकारी' केलं. साहेबांनी गावाला पाणी दिलं. पुढचा चुटका टीव्हीचा होता. टीव्हीवर मंत्र्याचं भाषण चालू असताना आवाज जातो, बायको म्हणते दुरुस्तीवाल्याला बोलवा, नवरा म्हणतो, 'आपोआप दुरुस्त झालाय, आता हात लावू नकोस.' तिसरे गृहस्थ त्या दुपारी तेवढं एकदाच बोलले. "दुरुस्तीवाल्याला बोलवा," ते म्हणाले. तो आवाज ऐकून मी चुटक्यात लगेच बोलावलं.

अकराव्या खेपेला, अठरा ऑगस्टला, परवाना हातात पडला. सहाही चुटक्यांखाली सरकारी गरुडाचा निळा शिक्का. अट अशी की चुटके शब्दशः वाचायचे, एक अक्षर इकडचं तिकडं नाही, आणि वाचताना खात्याचा निरीक्षक हजर हवा. निरीक्षक म्हणजे मादाम एतेमाद. इन्साफनं स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून ते कागद वाचले : 'एका देशातील एक अधिकारी एका गावात गेला. गावात पाणी होतं. सर्वांना आनंद झाला.' 'एका घरात टीव्ही होता. त्याचा आवाज गेला. दुरुस्तीवाला आला. आवाज आला.'

"हे चुटके आहेत की हवामानाचा अंदाज?" ती म्हणाली.

मी कपाळाला हात लावून जिन्यात बसलो. तिथं हाजी शलबी आले. मी त्यांच्यापाशी मन मोकळं केलं. म्हटलं, हाजी, या चुटक्यांना कुत्रं हसणार नाही. कुणी हसलं नाही तर मोजायचं काय, आणि मोजलं नाही तर लिहायचं काय? फाईल तिसऱ्यांदा परत येणार, आणि उरलेली नोकरी मी वगदीला सलाम करत काढणार. हाजींनी माझा हात हातात घेतला, मग तो स्वतःच्या छातीवर ठेवला. "दुक्तूर," ते म्हणाले, "हे माझ्यावर सोड." हे शब्द ऐकून मला तेव्हाच घाम फुटायला हवा होता. उलट मला बरं वाटलं.

चोवीस तारखेला संध्याकाळी पाच वाजता मी कागदांचा गठ्ठा घेऊन खाली उतरलो आणि दारातच थबकलो. गल्लीत या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल-निळ्या नक्षीचा मांडव. भाड्याच्या सोनेरी खुर्च्या, रंगीत दिव्यांची माळ. चाळीसच्या चाळीस माणसं कडक इस्त्रीत बसलेली. न्हाव्यानं दुकान बंद ठेवलं होतं. इस्त्रीवाला स्वतःच्या लग्नातला कोट घालून आला होता आणि कोटाला ते झेपत नव्हतं. मुअल्लिम दसूकीनं कहवाखान्यातला रेडिओ बंद केला होता, जो मी या गल्लीत राहायला आलो तेव्हापासून कुणी बंद झालेला पाहिलेला नव्हता. गॅलऱ्यांमधून बायका. मादाम एतेमादना सगळ्यांत मोठी खुर्ची दिली होती. त्यांच्यापुढे चहा येऊन गेला होता, जास्वंदीचं सरबत येऊन गेलं होतं, आता वाटीभर दूधभात आला होता. मांडीवर खात्याची वही, पायाशी भाजीची पिशवी.

"हाजी, हे काय?" मी कुजबुजलो. "मयत आहे की लग्न?"

"वागिब आहे, कर्तव्य," हाजी म्हणाले. "आपल्या माणसाचं काम आहे म्हटल्यावर यायला नको? तू वाच. काळजी करू नकोस."

मी उभा राहिलो. पहिला प्रश्न वाचला. "आपलं वय किती?"

गल्लीत हशा पिकला. न्हाव्यानं मांडीवर थाप मारली. "वय विचारतोय! बघा, वय विचारतोय!" इस्त्रीवाला हसता हसता खुर्चीसकट मागं कलला. हाजींनी सगळ्यांना निरोप दिला होता, की आज दुक्तूरच्या नोकरीचा प्रश्न आहे, हसायला कमी पडू नका. नेमकं कुठं हसायचं हे मात्र कुणी विचारलं नव्हतं. त्यामुळे चूक नको म्हणून मंडळी सगळीकडेच हसत होती. 'शिक्षण' या शब्दाला दाद मिळाली. 'विवाहित की अविवाहित' याला तर वरून उम्म नासिफनी आनंदाचा उलूलू केला.

पाव? पाच गुण. पाणी? पाच. त्या दिवशी सकाळपासून आमच्या गल्लीत पाणी नव्हतं आणि निम्म्या लोकांच्या खुर्चीखाली रिकामे डबे होते. पण समोर सरकारी बाई बसलेली, आणि दुक्तूरच्या पाहणीत तक्रारी निघाल्या तर दुक्तूरचंच वाईट होणार, असा सर्वांनी पोक्त विचार केला होता. रस्ते? पाच.

मग मी पहिला चुटका वाचला. शब्दशः. "एका देशातील एक अधिकारी एका गावात गेला. गावात पाणी होतं. सर्वांना आनंद झाला."

काय सांगू! मांडव हलला. एका म्हाताऱ्यानं रुमाल काढून डोळे पुसले. "पुरे, दुक्तूर!" इस्त्रीवाला ओरडला. "कोट उसवला माझा!" एकोणीस वर्षांत माझ्या चुटक्याला मिळालेली ती पहिली दाद, आणि तिच्यावर मी एका क्षणासाठी, फक्त एका क्षणासाठी, विश्वास ठेवला. माणसाचं मन किती हलकं असतं बघा.

तिसऱ्या चुटक्याला माझा तोल सुटला. "थांबा!" मी म्हणालो. "हसू नका! खरं सांगा मला. हसू येत नसेल तर हसू नका. हे शास्त्र आहे!" याला सगळ्यांत मोठा हशा मिळाला. मी कागद खाली टाकले आणि मटकन खुर्चीत बसलो. तेव्हा कुठं शांतता झाली. लोक एकमेकांकडे बघायला लागले. न्हावी उठून माझ्याजवळ आला, त्यानं कागद गोळा केले, झटकून माझ्या हातात दिले आणि हळूच म्हणाला, "दुक्तूर, आमचं हसणं कमी पडलं का? हरकत नाही, पहिल्यापासून घेऊ."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी लपवत नाही. उरलेले चुटके मी वाचले. काय करणार? चाळीस माणसं दिवसभराचं काम टाकून, दाढ्या करून माझ्यासाठी हसायला आली होती.

दुसऱ्या दिवशी उत्तरं मांडली. आधी पाच, चुटक्यांना पाच, नंतर पाच. चाळीसपैकी चाळीस. मुअल्लिम दसूकीनं तर पाचाच्या पुढं पेनानं एक चौकोन स्वतः काढून सहा गुण दिले होते. संख्याशास्त्रात एवढी एकजूट फक्त बनावट आकड्यांत सापडते. त्यात दुपारी संचालक साहेबांचा फोन. त्यांना निकाल कुणीतरी कळवला होता. "मुबारक, दुक्तूर! जनता समाधानी आहे आणि हसते आहे! असाच्या असा छापा. मी समितीला शिफारसपत्र देतो, गरुडाच्या शिक्क्यासकट."

मी फोन ठेवला. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. फाईल पास, खुर्ची माझी, वगदी माझ्यासमोर अर्ज घेऊन उभा. पण एकोणीस वर्षं मी लोकांच्या खऱ्या हसण्याच्या मागं लागलो होतो. शेवटी खोटं हसू दाखवून खुर्ची घ्यायची? आणि खरं लिहायचं म्हणजे तरी काय लिहायचं? की माझी सगळी गल्ली खोटं बोलली? ज्यांनी माझ्यासाठी मांडव घातला त्यांना लबाड म्हणून छापायचं? शिवाय पुरावा काय? माझ्याजवळ चाळीस कागद होते आणि सगळ्यांवर पाच लिहिलं होतं.

"पाठवू नका ते," इन्साफ म्हणाली. तिनं माझ्यापुढं चहा ठेवला. "माझी वगदीच्या बायकोपुढं मान खाली गेली तरी चालेल. तुम्ही घरात तोंड लपवून फिरलात तर मला नाही चालणार."

एवढं बोलून ती आत गेली आणि भांडी जरा जोरातच आपटत राहिली. म्हणजे तिलाही ते सोपं गेलेलं नव्हतं.

अठ्ठावीस तारखेला मादाम एतेमादचा निरोप आला, की निरीक्षकाचा अहवाल घेऊन जा. तो जोडल्याशिवाय पाहणी पुरी होत नाही, कलम अमुक. मी गेलो. त्या दिवशी भेंडी होती. त्यांनी हात पुसले, तीन प्रती पुढं सरकवल्या. मी उभ्यानंच वाचायला लागलो, आणि मग खुर्ची ओढून बसलो.

'प्रश्न पहिला, वय. एकतीस जण हसले. प्रश्नात हसण्याजोगं काही आढळलं नाही. चुटका दुसरा. 'एका घरात टीव्ही होता' एवढ्यावर बावीस जण हसले. चुटका त्यापुढे होता. चुटका चौथा. इस्त्रीवाल्यानं शेजाऱ्याला कोपर मारलं, त्यानंतर शेजारी हसला. चुटका सहावा. वाचकानं पान उलटलं असता सात जण हसले.' असं पाच पानं. कोण कधी हसला, कुणाकडे बघून हसला, चुटका संपायच्या किती आधी हसला. मी शेकडो विद्यार्थ्यांना निरीक्षण शिकवलं, पण असं काम एकाकडूनही मला मिळालेलं नाही. आणि शेवटी : 'एकूण हसलेले, चाळीस. हसू आलेले, शून्य. निघताना प्रत्येकास कारण विचारलं. शब्दांत फरक, आशय एकच : दुक्तूर आमचा आहे.'

खाली साहेबांची सही आणि गरुड.

"मादाम," मी म्हणालो. "याच्यावर साहेबांनी सही कशी केली?"

"अहवाल परिशिष्टात नसतो, मुख्य कागदांत असतो," त्या भेंडीचं देठ खुडत म्हणाल्या. "मुख्य कागद साहेब वाचत नाहीत."

तीन दिवसांत मी बेचाळीस पानं लिहिली. एका बाजूला लोकांनी दिलेले गुण, दुसऱ्या बाजूला मादामनी बघितलेलं. निष्कर्ष असा, की हसणारे मोजून लोकमत कळत नाही. माणूस कुणासाठी हसतोय ते आधी विचारावं लागतं. पाठवण्याआधी हाजींना सगळं वाचून दाखवलं, कारण त्यांच्या पाठीमागं छापणं मला पटत नव्हतं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"म्हणजे आम्ही पकडले गेलो," ते म्हणाले.

"हाजी, अख्ख्या लेखात चांगलं दिसतंय ते फक्त तुम्हा लोकांचंच."

"मग हरकत नाही." जिन्याचा कठडा धरून ते उठले. "पण दसूकीला सांगू नकोस. त्यानं सहा दिलेत."

एकतीस तारखेला, कचेरी बंद व्हायला पंधरा मिनिटं असताना मी फाईल दिली. सप्टेंबरच्या मध्यावर समितीनं मुलाखतीला बोलावलं. पाच प्राध्यापक, मधे अध्यक्ष डॉक्टर मुफीदा. सत्तरीच्या, आणि त्यांच्यापुढं भले भले लोक स्वतःचं नाव चुकीचं सांगतात. मागच्या शेऱ्याखालची सही त्यांचीच होती. त्यांनी माझा लेख उघडला, अहवालाचं शेवटचं पान काढलं आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"हे खरंच असं म्हणाले? चाळीसही जण?"

"निरीक्षकांनी लिहिलंय, मादाम. मी त्या वेळी मांडवाच्या मागं तोंड धूत होतो."

त्यांनी फाईल मिटली. बाकीचे चौघं त्यांच्याकडे बघत होते, मी टेबलाच्या कडेकडे. मग त्या म्हणाल्या, "दुक्तूर शुकरी, एवढी वर्षं चुटक्यांवर काम करताय. एक सांगा की आम्हाला. बिनशिक्क्याचा."

सगळं निभावलं आणि शेवटी इथं येऊन बुडणार, असं वाटलं. चुटका आणि मी यांचं कधी जमलेलं नाही, हे यांना कोण सांगणार? डोकं रिकामं झालं होतं. जो पहिला सापडला तो मी धरला.

"एक मंत्री," मी म्हणालो, "एका खेड्यात गेला..."

मंत्री अजून गाडीतून उतरलाही नव्हता, तेवढ्यात डॉक्टर मुफीदांचे खांदे हलायला लागले. त्या हसत होत्या. डावीकडच्यानं त्यांच्याकडे बघितलं आणि तो हसला. मग उजवीकडचा. मग टोकाचे दोघंही. एकानं तर चष्मा काढून डोळे पुसले. मी मधेच थांबलो, आणि थांबलोय हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. या हसण्यावर मी नुकतीच बेचाळीस पानं लिहिली होती. ते ओळखायला मला कुणाच्या अहवालाची गरज नव्हती. माझी फाईल पास झाली होती, आणि ही मोठी मोठी माणसं ते मला अशा रीतीनं सांगत होती.

छाती भरून आली माझी. मग मीही हसलो. पाच माणसं माझ्यासाठी एवढी हसत असताना मी एकट्यानं गप्प बसणं बरं दिसलं नसतं.